शिंपल्यातलं कॅल्शियम-४८ : नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

तिसऱ्यांचं सुकं झालं की उरलेल्या शिंपल्या परसात माडाच्या मुळाशी जातात. त्या ढिगात जगातल्या मोजक्या प्रयोगशाळा लाखो डॉलर मोजून घेतात असा एक पदार्थ असतो, कॅल्शियम-४८. म्हणून लगेच शिंपल्या विकायला काढू नका. का ते पुढे येईलच. बारावीपर्यंतचं रसायन आणि भौतिकशास्त्र झालंय, मोल म्हणजे काय ते पुसट आठवतंय, पण केंद्रकाच्या आत डोकावायला कुठून शिरायचं ते कळत नाही, अशांसाठी ही वाट आहे. साहित्य लागेल ते किनाऱ्यावर आणि स्वयंपाकघरात मिळतं. एकच वस्तू मागून आणावी लागेल : सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा. कॉलेजच्या लॅबमध्ये तो असतोच.

आधी तक्ता बघा

पुस्तक उघडण्याआधी केंद्रकांचा तक्ता उघडा. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचा ‘न्यूडॅट’ आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा ‘लाइव्ह चार्ट’ हे दोन्ही फुकट आहेत आणि मोबाइलवरही चालतात. उभ्या अक्षावर प्रोटॉन, आडव्या अक्षावर न्यूट्रॉन. २० प्रोटॉनची ओळ शोधा, ती कॅल्शियमची. मग डावीकडून उजवीकडे बोट फिरवत जा.

२० न्यूट्रॉनला कॅल्शियम-४० भेटेल. निसर्गातल्या कॅल्शियमपैकी ९६.९४ टक्के हेच. पुढे ४२, ४३, ४४ हे स्थिर समस्थानिक. ४५ ला आलात की १६३ दिवसांचं अर्धायुष्य दिसेल, ४७ ला साडेचार दिवसांचं. ४९ तर पावणेनऊ मिनिटांत अर्धा होतो. आणि या ४७ आणि ४९ च्या मधोमध, २८ न्यूट्रॉनच्या घरात, ४८ ठाण मांडून बसलाय. त्याचं अर्धायुष्य सुमारे ६.४ × १०^१९ वर्षं, म्हणजे ६४ वर १८ शून्यं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं धरलं, तर त्याच्या साधारण ४६० कोटी पट. व्यवहारात याला स्थिरच म्हणायचं. तक्त्यात मात्र त्याच्या घरात ‘२β’ अशी खूण असते, कारण तो कधी ना कधी मोडतो हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय.

शेजारी इतके अल्पायुषी आणि हा असा चिवट का, हा प्रश्न तुम्हाला इथेच पडायला हवा. नसेल पडला, तर बोट परत एकदा त्या ओळीवरून फिरवा.

२० आणि २८

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या कवचांत भरले जातात, इलेक्ट्रॉन अणूत भरले जातात साधारण तसेच. कवच पूर्ण भरलं की केंद्रक घट्ट बांधलेलं असतं. कवचं पूर्ण होतात त्या संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि न्यूट्रॉनसाठी १२६. यांना जादुई संख्या म्हणतात. हे कवचांचं गणित १९४९ च्या सुमारास मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी स्वतंत्रपणे सोडवलं; १९६३ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. कॅल्शियम-४८ मध्ये प्रोटॉन २० आणि न्यूट्रॉन २८, दोन्ही संख्या जादुई. कॅल्शियम-४० ही तसाच, २० आणि २०. एकाच मूलद्रव्याचे दोन दुहेरी जादुई समस्थानिक निसर्गात मिळावेत हे कॅल्शियमचं भाग्य. गंमत अशी की आठ न्यूट्रॉन जास्त असूनही दोघांची विद्युतभाराची त्रिज्या जवळजवळ सारखीच भरते, सुमारे ३.४८ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १०^-१५ मीटर). ते आठ जादा न्यूट्रॉन कुठे मावतात, हे शोधायला एक अख्खा प्रयोग झाला. त्याबद्दल खाली.

आता मोडण्याबद्दल. साध्या बीटा ऱ्हासात एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि केंद्रक तक्त्यात एक घर वर आणि एक घर डावीकडे सरकतं. इथे ते घर स्कँडियम-४८ चं. ऊर्जेच्या हिशोबाने त्या घरात उतरायला परवानगी आहे, पण उतार अगदी थोडा, ०.२८ एमईव्ही (केंद्रकांच्या ऊर्जेचं हे नेहमीचं एकक). त्यात कॅल्शियम-४८ ची फिरकी (स्पिन) शून्य आणि स्कँडियमच्या हाताशी असलेल्या पातळ्यांची ४, ५, ६. एवढा फरक एका उडीत भरून काढणं जवळजवळ अशक्य. जांभ्याच्या जुन्या पाखाडीवर एखादी पायरी इतकी अरुंद आणि तिरपी असते की तिच्यावर पाय ठेवण्यापेक्षा माणूस ती गाळून थेट खालच्या पायरीवर उतरतो. कॅल्शियम-४८ तेच करतो. दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतात, दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेले, अगदी हलके कण) बाहेर पडतात, आणि केंद्रक थेट टायटॅनियम-४८ वर पोचतं. हा दुहेरी बीटा ऱ्हास. अशी एकदम उतरायची संधी फार क्वचित साधते, म्हणून ती १८ शून्यं.

शिंपल्या निवडा, धुवा, वजन करा

जिवंत तिसऱ्या यासाठी खाडीतून काढू नका. जेवणातल्या उरलेल्या पुरतात, किंवा भरतीने टाकलेल्या रिकाम्या. कालवांचे शिंपले जाडजूड असतात, पण त्यांच्या पापुद्र्यांत चिखल अडकलेला असतो. पहिल्या वेळेस तिसऱ्याच बऱ्या. ब्रशने घासून गोड्या पाण्यात दोनदा उकळा, उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आपल्याकडच्या आषाढात काटा शिंपल्यांऐवजी हवेतला ओलावा मोजतो.

शिंपला म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, बाकी थोडं सेंद्रिय अस्तर आणि रेती. किती शुद्ध ते घरी पाहता येतं. दहा ग्रॅम शिंपल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाट्यावर ठेचा. कोरड्या कुटू नका, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही. तो चुरा पुन्हा नीट वाळवून वजन करा आणि रुंद तोंडाच्या बरणीत टाका. वर अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर ओता. दहा ग्रॅम कार्बोनेटला चार टक्क्यांचं व्हिनेगर साधारण ३०० मिलिलिटर लागतं. जास्त घेतलं की हिशोबात अडकायला होत नाही. बरणीला झाकण लावू नका. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे एकसारखे निघतात आणि बंद बरणी फुटू शकते. एक-दोन दिवसांनी बुडबुडे थांबले की तलम कापडातून गाळा. खाली राहतो तो तपकिरी पापुद्रा आणि रेतीचे कण. ते वाळवून वजन करा आणि मूळ वजनातून वजा करा. चांगल्या धुतलेल्या शिंपल्यात ९५ टक्क्यांच्या वर कार्बोनेट भरायला हरकत नाही.

जुन्या चुनाभट्ट्यांत हेच शिंपले भाजून चुना काढत. भट्टीत कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम जागेवर राहतं. भाजण्याने, विरघळण्याने किंवा पानाला लावण्याने समस्थानिकांची वाटणी म्हणण्यासारखी बदलत नाही. म्हणजे भिंतीतल्या चुन्यातही तो ४८ तितकाच आहे.

हिशोब

सगळ्या वाटेचा गाभा हा आहे. कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

कॅल्शियम कार्बोनेटचा रेणुभार १००. म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध शिंपल्यात बरोबर एक मोल कॅल्शियम, म्हणजे ६०२ वर २१ शून्यं इतके अणू. त्यातले ०.१८७ टक्के कॅल्शियम-४८ चे. गुणाकार करा : ११२ वर १९ शून्यं.

वजन काढताना नवखे हमखास घसरतात. एक मोल कॅल्शियमचं वजन ४०.०८ ग्रॅम, त्याचे ०.१८७ टक्के काढले की ७५ मिलिग्रॅम येतात, आणि ते चुकीचं आहे. ०.१८७ टक्के हे अणूंच्या संख्येचं प्रमाण आहे, वजनाचं नव्हे. ०.००१८७ मोल गुणिले ४८ करा, ९० मिलिग्रॅम येतील. एकेक अणू जड आहे, म्हणून वजनातला वाटा वाढतो.

आता वर्षाला किती मोडतात? अणूंची संख्या गुणिले ०.६९३, भागिले अर्धायुष्य. वर ७८ वर १९ शून्यं, खाली ६४ वर १८ शून्यं. शून्यं कापली की ७८० भागिले ६४, म्हणजे १२ आणि थोडं.

शंभर ग्रॅम शिंपल्या, वर्षाला बारा. सरासरीने महिन्याला एक अणू कॅल्शियमचा टायटॅनियम होतो. शिंपल्या ९६ टक्के शुद्ध निघाल्या तरी उत्तर फारसं हलत नाही.

हाच हिशोब स्वतःवर करून बघा. माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं, त्यात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम-४८, आणि वर्षाला सुमारे ३०० ऱ्हास. भीती वाटण्याआधी पोटॅशियम-४० चं गणितही करा : त्याचे ऱ्हास अंगात सेकंदाला चार हजारांवर होतात. एक ग्रॅम पोटॅशियममागे सेकंदाला सुमारे ३१ ऱ्हास होतात, आणि एका शहाळ्याच्या पाण्यात अर्धा ग्रॅम पोटॅशियम धरलं तरी सेकंदाला पंधरा झाले. शहाळं आजाऱ्यालाही देतो आपण. किरणोत्सार हा शब्द ऐकून दचकण्याआधी ‘किती?’ विचारायची सवय इथूनच लावून घ्या. आपल्याकडे जैतापूर-माडबनच्या अणुवीज प्रकल्पाच्या निमित्ताने या विषयावर बरंच बोललं गेलंय, दोन्ही बाजूंनी. आकडे मात्र त्या बोलण्यात कमीच असतात.

काउंटर घ्यायचा का?

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. गायगर काउंटर ऑनलाइन मिळतो, शिंपल्यांवर धरला की टिकटिकतोही. ती टिकटिक कॅल्शियम-४८ ची नाही. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आकाशातून येऊन आरपार जातो. शिंपल्यांचा चुरा १०० चौरस सेंटिमीटरवर, तळहाताएवढ्या जागेत, पसरला तर त्यातून वर्षाला पाच कोटींहून जास्त म्युऑन जातील. त्यात खडकातलं थोरियम, युरेनियम, पोटॅशियम यांची भर. या गर्दीतून तुम्हाला बारा शोधायचे आहेत. काउंटर जरूर घ्या, पार्श्वभूमी मोजायला शिका, शिंपल्यासाठी नको.

खऱ्या प्रयोगवाल्यांनी काय केलं ते पाहा. फ्रान्स-इटलीच्या सीमेवर फ्रेज्यूस बोगद्यातल्या मोदान प्रयोगशाळेत ‘नेमो-३’ हा संच होता. त्यात जेमतेम सात ग्रॅम कॅल्शियम-४८ ठेवलं होतं. आपल्याकडे कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे, पण या कामात लांबीला अर्थ नाही, डोक्यावर खडक किती तो मोजतात. मोदानला तो सुमारे १७०० मीटर. तिथे दोन्ही इलेक्ट्रॉनांचे माग वेगवेगळे टिपले गेले, आणि २०१६ साली छापून आलेलं अर्धायुष्य म्हणजे वर वापरलेले ६.४ × १०^१९ वर्षं. मोजमापात दहा-वीस टक्क्यांची शंका आहे, तेव्हा तुमचे बारा ऱ्हास दहा असू शकतात किंवा चौदा.

जपानमध्ये कामिओकाच्या खाणीत ‘कँडल्स’ प्रयोगाने कॅल्शियम फ्लोराइडचे सुमारे ३०० किलो स्फटिक वापरले. त्यांचा शोध वेगळा होता : न्यूट्रिनो न निघता फक्त दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात का? तसं दिसलं तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे असं ठरेल. अजून कोणत्याही समस्थानिकात तसं दिसलेलं नाही. या शोधात कॅल्शियम-४८ चा मोठा गुण म्हणजे सुटणारी ऊर्जा, ४.२७ एमईव्ही, दुहेरी बीटावाल्यांत सर्वांत जास्त. खडकातल्या थोरियमच्या साखळीतला सर्वांत त्रासदायक गॅमा किरण २.६ एमईव्हीचा असतो, त्याच्या कितीतरी वर. अवगुण एकच, ते ०.१८७ टक्के.

वेगळं काढणं इतकं महाग का

एक लिटर समुद्राच्या पाण्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; वरचाच हिशोब केला की ०.९ मिलिग्रॅम कॅल्शियम-४८. समोर अख्खा अरबी समुद्र पसरलेला, तरी शुद्ध कॅल्शियम-४८ ची किंमत ग्रॅमला दोन लाख डॉलरच्या घरात सांगितली जाते. कारण रसायनाने ४० आणि ४८ वेगळे करता येत नाहीत, दोघांचे इलेक्ट्रॉन सारखेच. युरेनियमचा वायू करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, पण कॅल्शियमचं तसं सोयीचं वायुरूप संयुग नाही. उरतो एकच जुना मार्ग : अणूंना विद्युतभार द्यायचा, निर्वातात चुंबकीय क्षेत्रातून सोडायचं, हलके जास्त वळतात आणि जड कमी, मग दोघांना वेगवेगळ्या खिशांत गोळा करायचं. मिलिग्रॅम-मिलिग्रॅमने. हे काम मुख्यतः रशियात होतं.

एक सावधगिरीची गोष्ट. ‘राइस पुलर’ म्हणून तांब्याची भांडी किरणोत्सारी आणि कोट्यवधींची असल्याचं सांगून फसवणारे आपल्या राज्यात अनेकदा पकडले गेलेत. ‘दुर्मिळ समस्थानिक’ हे शब्द अशा लोकांना फार आवडतात. घरच्या शिंपल्याला, चुन्याला किंवा शंखाला त्यातल्या कॅल्शियम-४८ साठी कोणी जादा भाव देऊ करत असेल, तर त्याला ९० मिलिग्रॅमचा हिशोब कागदावर मांडून दाखवायला सांगा.

मग त्याचं करतात काय

सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे अतिजड मूलद्रव्यं बनवणारे. रशियात दुबना इथे युरी ओगानेसियान यांच्या गटाने सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे भारित कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, कॅल्शियम-४८ चा झोत प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांश वेगाने जड लक्ष्यांवर मारला. प्रोटॉनची बेरीज करत चला : प्लुटोनियम ९४ अधिक २० म्हणजे ११४, फ्लेरोव्हियम. अमेरिशियमपासून ११५, मॉस्कोव्हियम. क्युरियमपासून ११६, लिव्हरमोरियम. बर्केलियमपासून ११७, टेनेसीन. कॅलिफोर्नियमपासून ११८, ओगानेसॉन. आवर्तसारणीची शेवटची पाच घरं या एकाच झोताने भरली.

तो ४८ च का लागतो? जड केंद्रकात प्रोटॉनांच्या आपसांतल्या रेट्याला आवर घालायला न्यूट्रॉन प्रमाणाबाहेर लागतात. कॅल्शियम-४० ते आणत नाही, ४८ आठ जादा घेऊन येतो. शिवाय दुहेरी जादुई असल्याने तो आधीच घट्ट बांधलेला. जोडणी झाल्यावर नवं केंद्रक त्या मानाने कमी तापतं आणि तीन-चार न्यूट्रॉन फेकून निवतं, फुटण्याआधी त्याला थोडी संधी मिळते. थोडीच. टेनेसीनसाठी अमेरिकेतल्या ओक रिजने २२ मिलिग्रॅम बर्केलियम-२४९ बनवून दिलं, ज्याचं अर्धायुष्य ३३० दिवसांच्या आसपास, म्हणजे घड्याळ चालूच. महिनोन्महिने झोत मारून हाती आले सहा अणू. ओगानेसॉन तर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो. झोत ताशी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम-४८ खातो. म्हणजे तासाभराचं खाद्य साधारण अर्ध्या लिटर समुद्रात आहे, काढता आलं तर.

दुसरा उपयोग त्या आठ न्यूट्रॉनांचा. अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेत ‘क्रेक्स’ प्रयोगात कॅल्शियम-४८ वर इलेक्ट्रॉन मारून, न्यूट्रॉन प्रोटॉनांच्या किती बाहेरपर्यंत पसरलेत ते मोजलं. २०२२ मध्ये उत्तर आलं, सुमारे ०.१२ फेम्टोमीटर. ही पातळशी ‘न्यूट्रॉनची साल’ आणि न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या एकाच समीकरणाने बांधलेल्या आहेत, म्हणून त्या आकड्यावर खगोलवाल्यांचंही लक्ष असतं.

आता काळी रेती

कॅल्शियम-४८ ने ११९ गाठायचं तर ९९ प्रोटॉनचं आइन्स्टाइनियम लक्ष्य म्हणून लागेल, आणि ते पुरेसं बनवताच येत नाही. म्हणून झोतच जड करायचा असं ठरलं. बर्कलेच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये टायटॅनियम-५० चा झोत प्लुटोनियमवर मारून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवले. पुढचं लक्ष्य १२०.

टायटॅनियम शोधायला तुम्हाला लांब जायचं नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ओहोटीनंतर रेतीत काळे पट्टे दिसतात, त्यात इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. जुन्या हार्ड डिस्कमधलं जोरदार चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या रेतीवरून फिरवा. साध्या चुंबकालाही टपकन चिकटतात ते कण बहुधा मॅग्नेटाइटचे. जोरदार चुंबकालाच सैलसर धरतात त्यांत इल्मेनाइट जास्त. मूठभर बघून परत टाका. किनाऱ्यावरची जड खनिजं कायद्याने अणुखनिजांत मोडतात, पोती भरायची गोष्ट नाही.

शिंपल्यांचा हिशोब जमला असेल तर हा स्वतः करा. इल्मेनाइटचा रेणुभार १५२ धरा, एका रेणूत टायटॅनियमचा एक अणू, आणि टायटॅनियमच्या अणूंपैकी ५.१८ टक्के ५० चे. शंभर ग्रॅम शुद्ध इल्मेनाइटला उत्तर १.७ ग्रॅम यायला हवं, शिंपल्यातल्या ९० मिलिग्रॅमच्या जवळजवळ १९ पट. याचं अर्धायुष्य काढत बसू नका, टायटॅनियम-५० स्थिर आहे. तक्त्यात त्याचं घर कॅल्शियम-४८ पासून दोन ओळी वर, त्याच २८ न्यूट्रॉनच्या उभ्या रांगेत.